पडलेली दोन सरकारं आणि आमचे अप्पा

गोकुळ रोड, हुबळी
४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

जय भीम. सप्रेम, सादर वगैरे आज राहू दे. मी भांडायला बसलेय.

विजयादशमीला विहारात तुझं पत्र वाचलं. वंदना झाल्यावर अप्पा नेहमीसारखे उठले, चष्मा पुसला आणि तारिहाळच्या फॅक्टरीचे पंप बसवायला मादागास्करला गेलेल्या मुलाचं सप्टेंबरचं पत्र सगळ्या गल्लीला ऐकवलं. मराठी न कळणाऱ्यांसाठी लक्ष्मणकाकांनी मागाहून ते कन्नडात सांगितलं. पहिलं पान ठीक होतं. व्हॅनिला, वशिंडाचे बैल, आपल्या अळणावरच्या वाटेसारखी तांबडी माती. दुसऱ्या पानावर तू लिहितोस, ‘सरिताने आता परत नेपाळला जाऊ नये. तिथं सरकार राहिलेलं नाही. एकट्या बाईने राहावं असा तो देश नव्हे. तिला घरीच ठेवा.’

ठेवा म्हणजे काय? मी काय फडताळातली पितळी घागर आहे?

आपल्या घरची रीत तुला पाठ आहे. आपण शिकलो कन्नड शाळेत, मराठी हातची जाऊ नये म्हणून अप्पांनी नियम काढला की घर सोडून गेलेल्या पोराने महिन्याला एक मराठी पत्र लिहायचं, मेलने का असेना, ते विहारात वाचलं जाणार. हातात घेतलेलं पत्र मधे थांबवायचं नाही, एक ओळही गाळायची नाही, हेही त्यांचंच. फोनवरचं बोलणं ते हिशेबात धरत नाहीत. म्हणजे तू अप्पांच्या कानात दोन शब्द घातले नाहीस, सगळ्या गल्लीपुढे माझा निकाल लावलास. आता पाणी भरायला गेलं तरी बायका विचारतात, ‘अण्णा नको म्हणालाय नव्हं, मग जातीस कशाला?’

मी दरवर्षीसारखी दसऱ्याच्या सुट्टीला आलेय. लुंबिनीपासून सायकलच्या अंतरावर माझं वसतिगृह आहे. त्यातल्या पोरींच्या घरी जमीन नाही, बाप नाहीतर भाऊ आखातात, आणि शिकणारी ही पहिलीच पिढी. छठ झाली की शाळा उघडते. तोवर मी पोचले नाही तर संस्था वसतिगृहाला यंदापुरतं कुलूप लावणार, तसं त्यांनी मला कळवलंय. पोरी घरी बसतील. त्या घरांत पोरगी घरी बसली की तिचं लग्न काढतात, दुसरं काही होत नाही. त्यांतली माझी लीला यंदा दहावीला आहे.

अप्पांनी तुझ्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी संस्थेला फोन करून मी येणार नाही असं सांगून टाकलं आणि रायापूरला एका कॉलेजच्या होस्टेलात माझ्यासाठी शब्द टाकला. तिथं वॉर्डनला फॅन आहे, असं मला तीनदा सांगून झालं.

आणि तुझ्या राजधानीत पाणी-वीज मागायला पोरं रस्त्यावर आलीत, कर्फ्यू लागलाय, हे मी पेपरात वाचलं. तुझ्या पत्रात ते कसं नाही?

सरिता

अंतानानारिव्हो
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय सरिता,

जय भीम. अगं, किती तापतेस. उत्तर लिहिताना मलाच चटका बसला.

मी चूक लिहिलं नाही. तुमच्याकडे एका दिवसात संसद जळाली, मंत्र्यांची घरं जळाली, तुरुंगातून कैदी पळाले. तुमच्या जवळच्या भैरहवात कर्फ्यू लागला तेव्हा तू पोरींना घेऊन आत बसली होतीस, फोन लागत नव्हता. तेव्हा आईने दोन दिवस अन्न घेतलं नाही, हे तुला कुणी सांगितलं का?

इथलं वेगळं आहे. पोरं घोषणा देतात, पोलीस धूर सोडतात, संध्याकाळी सगळे भात खायला घरी. या लोकांचा एक शब्द आहे, ‘मोरा मोरा’, म्हणजे सावकाश. ही माणसं भांडतात तीसुद्धा सावकाश. मी वस्तीत राहतो, शेजारी चांगले आहेत. पाण्याचं म्हणशील तर आपल्या गल्लीत तरी नळाला रोज कुठं येतं? आठवड्याने येतं तेव्हा अप्पा बादल्या लावतातच की. म्हणून काय कर्नाटक बुडालं?

खरं सांगायचं तर दोन्ही देश गरीबच. पण तुझ्याकडे रस्ता खणून ठेवलाय तो तू गेल्यापासून तसाच आहे, असं तूच लिहायचीस. इथं निदान काम चालू आहे. मी आहे पुरुष, कंपनी पाठीशी आहे, वेळ पडली तर विमानात बसवतील. तुझ्या पाठीशी कोण आहे? ती संस्था, जिच्याकडे फाटकाला रंग द्यायला पैसे नाहीत?

रायापूरची नोकरी वाईट नाही. विचार कर. रेखाला आणि आरुषीला सांग मी मजेत आहे.

तुझा,
प्रेमानंद

गोकुळ रोड, हुबळी
१५ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

जय भीम. काल तुझ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष पदावरून गेला आणि सैन्याने कारभार हातात घेतला. हे मी हुबळीत चहा पिता पिता टीव्हीवर बघितलं. तू म्हणशील सैन्यसुद्धा सावकाश आलं.

आता माझं ऐक. तुझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे. काल भाकऱ्या थापता थापता रेखावहिनी म्हणाली, ‘सरिता, तुझा अण्णा न्हालेल्या दिवशीच व्हिडिओ लावतो. विजयादशमीपासून नुसता आवाज येतोय. एकदा आरुषीने हट्ट केला म्हणून तोंड दाखवलं तर अंगात तोच निळा शर्ट, बाही उसवलेली. तो मला काय सांगत नाहीये?’ तू सांगितलंस तसं मी ‘मजेत आहे’ म्हटलं. पण तिच्यापुढे खोटं बोलायला मला जड जातंय, आणि ते तुझ्यासाठी का बोलावं हेही मला कळत नाही.

तू माझ्या देशाचा पाढा वाचलास, मग पुरता वाच. हो, जाळपोळ झाली. पोरं मेली. त्या दिवशी मी पोरींना आतल्या खोलीत बसवून मोठ्याने गणितं सोडवायला लावली, बाहेरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. पण तिसऱ्या दिवशी दूधवाला शेतातून आडवाटेने आला. आता हंगामी सरकार आहे, मार्चात मतदान आहे. तराईत वीज जात नाही, हापशाला पाणी आहे. रस्ता खणलेला आहे, खरं आहे, आणि गावात तरणा पुरुष औषधाला नाही. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. हे सगळं मी दर महिन्याला अप्पांना लिहिलंय, एक ओळ लपवली नाही. म्हणून माझा देश वाईट ठरला आणि तुझा चांगला. तू लपवलंस म्हणून तू शहाणा.

माझ्या पाठीशी कोण आहे विचारतोस. कर्फ्यूत लीलाची आजी तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आली, पोरींना कमी पडू नये म्हणून. ती आहे माझ्या पाठीशी.

आता खरं लिही. विहारासाठी नको, माझ्यासाठी लिही. मी कुणाला दाखवणार नाही. पण खोटं लिहिलंस तर पुन्हा मला अण्णा म्हणून हाक मारायला लावू नकोस.

सरिता

अंतानानारिव्हो
१९ ऑक्टोबर २०२५

सरिता,

जय भीम. लिहितो. वाचून हे पत्र काढून टाक.

सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या दंगलीत आमचा डेपो लुटला. मी आणि वॉचमन आतच होतो, पंपांच्या खोक्यांमागे. माणसं आली, टेबलं नेली, पंखे नेले, माझी कपड्यांची बॅग आणि हत्यारांची पेटी नेली. निळा शर्ट अंगात होता म्हणून राहिला. मला वाटलं आता आपलं संपलं. मला आरुषीचं तोंडसुद्धा नीट आठवेना, एवढा मी घाबरलो होतो.

मग बायका आल्या. आम्ही ज्या वस्तीत पंप बसवतोय तिथल्या, रोज पहाटे पिवळे कॅन घेऊन रांगेत बसणाऱ्या. त्या फाटकात उभ्या राहिल्या आणि ओरडायला लागल्या. भाषा मला अर्धीच कळते, पण ‘हे आमचं पाणी आहे’ एवढं कळलं. पंपांना कुणी हात लावला नाही. त्यानंतर दोन दिवसांनी मी ते व्हॅनिलाचं पत्र लिहिलं. तेव्हा मला काहीतरी चांगलं लिहायचं होतं.

आता नळ कोरडा आहे. वीज अर्धा दिवस नसते. पंप बसवणाऱ्याच्या घरी पाणी नाही, हस. मी त्या बायकांच्याच रांगेत कॅन घेऊन बसतो. तुझा देश आणि माझा देश मांडून बघितले तर वीज-पाण्यात तुझा बरा आहे, हे मी कबूल करतो.

आणखी एक. कंपनीने सगळ्यांची परतीची तिकिटं काढली होती. बाकीचे गेले. मी नाही गेलो. जोडणी अर्धी झाली होती, मी निघालो असतो तर ते पंप गंजून गेले असते, आणि त्या बायकांना मी काय तोंड दाखवलं असतं? हे रेखाला कळलं तर ती मला जिवंत सोडणार नाही. अप्पांना तर अजिबात नको.

पण म्हणून तू जा, असं मी म्हणणार नाही. तुझं वेगळं आहे. तू बाई आहेस.

प्रेमानंद

गोकुळ रोड, हुबळी
२७ ऑक्टोबर २०२५, सकाळ

अण्णा,

जय भीम. तुझं पत्र वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे काढून टाकलं. वाचून मी रडले, हेही सांगते. आणि शेवटच्या ओळीला इतका राग आला की डोळे आपोआप कोरडे झाले. अर्धी जोडणी टाकून तुला निघवत नाही. मला अर्धी दहावी टाकून निघवेल असं तुला कशावरून वाटलं? तुला तोंड दाखवायला बायका आहेत, मला पोरी आहेत. यात वेगळं काय ते तू मला परत एकदा समजावून सांग.

काल रविवार होता. वंदना झाली. अप्पा म्हणाले, ‘या महिन्यात प्रेमानंदचं पत्र अजून नाही.’ मी उठले आणि माझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं तुझंच आहे, मी छापून आणलंय. त्यांनी सवयीने चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

‘पूज्य अप्पांना सरिताचा जय भीम. घर सोडून गेलेल्या पोराने महिन्याला पत्र लिहायचं, असा आपला नियम आहे. सध्या मी घरी झोपते, पण माझं काम तिकडे आहे, म्हणून हे ऑक्टोबरचं पत्र.’

इथं ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. सगळा विहार बघत होता. नियम त्यांचाच होता. ते पुढे वाचायला लागले.

‘तुमचा मुलगा एका देशात आहे, मुलगी एका देशात. महिन्याच्या अंतराने दोन्हीकडची सरकारं तिथल्या पोरांनी खाली ओढली. दोन्हीकडे गोळ्या चालल्या. एकीकडे सैन्य बसलंय, एकीकडे मतदानाची तयारी चाललीय. एकीकडे नळ कोरडे आहेत, एकीकडे हापसा चालतो पण गावात माणूस नाही. गरिबी दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे घरात टंचाई आली की शाळा पहिल्यांदा मुलीची सुटते. अप्पा, हे दोन देश तागडीत घातले तर कुठलं पारडं खाली जाईल मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मग मुलाला ‘तिथं राहून नाव काढ’ आणि मुलीला ‘घरी ये’, हे तुम्ही कुठल्या वजनाने ठरवलंत? तुम्ही देश मोजलेच नाहीत. तुम्ही मुलगा आणि मुलगी मोजलीत. ज्या बुद्धाच्या जन्मभूमीकडे तोंड करून तुम्ही रोज हात जोडता, त्या भूमीतल्या पोरी तुम्हाला परक्या का वाटाव्यात? रायापूरच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय. मी सोमवारी निघते. परवानगी मागत नाही. सांगते आहे.’

शेवटची दोन वाक्यंही त्यांनी वाचली. कागद उलटून मागे काही आहे का तेही बघितलं. मग तो लक्ष्मणकाकांपुढे धरला. काका म्हणाले, ‘हे मी कन्नडात सांगू?’ अप्पा म्हणाले, ‘सांग. सगळं सांग.’

काका बिचारे भले. ते गोड करून सांगायला लागले, की मुलगी वडिलांना विनंती करते आहे, कृपा करून जाऊ द्यावं. मागून रेखावहिनी उभी राहिली आणि चक्क कन्नडात म्हणाली, ‘काका, तसं लिहिलेलं नाही. ती विचारत नाहीये, सांगतेय. नीट सांगा.’ काकांनी मग नीट सांगितलं. पोरीसोरी हसल्या. पारू आत्याने पदर तोंडाला लावला, पण तीही हसत होती.

तुझ्याबद्दल मी एक अवाक्षर बोलले नाही. पेपरात आलं तेवढंच लिहिलं. पण वहिनी वाटेत म्हणाली, ‘नळ कोरडे आहेत हे वाचताना तू माझ्याकडे का बघितलंस ते मला कळलं.’ तेव्हा तुझं तू बघ.

अप्पा काल दिवसभर पेपर घेऊन बसले. आईने चटणी-भाकरी बांधून दिली, तेव्हाही ते पेपरात तोंड घालून होते. आता रिक्षा बोलवायला मी उठले तर म्हणाले, ‘मार्चात तिथं मतदान आहे ना. त्या आठवड्यात वसतिगृहाचं फाटक आतून बंद ठेव.’ एवढंच. मी बरं म्हटलं.

पुण्याला जाऊन गोरखपूरची गाडी पकडते.

सरिता

अंतानानारिव्हो
२ नोव्हेंबर २०२५

सरिता,

जय भीम. तुझ्या वहिनीने माझी जी काही हजामत केली ती लिहिण्यासारखी नाही. तिने मला प्रश्न विचारलेच नाहीत. नुसतं म्हणाली, ‘व्हिडिओ लाव.’ लावला. मग दाढी वाढलेला मी, कॅन, मेणबत्ती, सगळं तिला दिसलं. आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग आरुषीने नवीन शर्ट कुठल्या रंगाचा घ्यायचा ते सांगितलं. तिकिटाचंही मी सांगून टाकलं. त्यावर ती म्हणाली, ‘जोडणी पुरी करूनच ये. अर्धवट काम करून आलास तर मी दार उघडणार नाही.’ माझ्या घरात दोन सरिता झाल्या, अशी माझी अवस्था आहे.

नोव्हेंबरचं पत्र मी अप्पांना काल पाठवलं. पहिल्याच ओळीत लिहिलंय, की ‘सरिताला घरीच ठेवा’ हे मी भीतीने लिहिलं होतं, आणि ती भीती माझ्या इथली होती, तिच्या तिथली नव्हती. डेपो, बायका, रांग, सगळं लिहिलंय. अप्पांना ते शेवटपर्यंत वाचावं लागेल. माझं जे व्हायचं ते होवो.

तू जिंकलीस असं मी लिहिणार नाही, मोठा भाऊ आहे. पण काल पहिला पंप चालला. त्या बायका नाचल्या आणि मला हाताला धरून नाचवलं. तेव्हा तुझी आठवण आली.

पोचलीस का? पोरी आल्या का?

प्रेमानंद

लुंबिनीजवळ, नेपाळ
८ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

जय भीम. पोचले. कुलूप मीच काढलं. रस्ता अजून खणलेलाच आहे, हवं तर याही महिन्याच्या पत्रात लिहिते.

पोरी एकेक करून आल्या. लीला आली नाही. चार दिवस वाट बघितली. मग कळलं की मी हुबळीतच राहिले, वसतिगृह बंद होणार, अशी बातमी तिच्या गावात कधीच पोचली होती. अप्पांनी संस्थेला फोन केला होता ना, तिथून. तिचा बाप आखातातून सुट्टीवर आलाय. त्याने लगेच मुलगा बघितला. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

मी सायकल काढली आणि गेले. तो अंगणात खाटेवर बसला होता. वाईट माणूस नाही. उन्हाने करपलेला, बोलायला मऊ. म्हणाला, ‘दीदी, देशात धड सरकार नाही. मी परत जाणार परदेशात. पोरगी बाहेर ठेवू कुणाच्या भरवशावर?’

मी म्हटलं, ‘तुम्ही जाता त्या देशात तुमचं कोण आहे?’ म्हणाला, ‘कुणी नाही.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला तिथं भीती वाटते का?’ म्हणाला, ‘वाटते.’ ‘मग परत का जाता?’ म्हणाला, ‘काम आहे.’ मी म्हटलं, ‘हिलाही काम आहे. चैत्रात परीक्षा आहे.’

मग तिची आजी आतून बाहेर आली, तीच तांदळाचं गाठोडं आणणारी. ती मुलाला म्हणाली, ‘ही बाई तिच्या बापाचं न ऐकता एवढ्या लांबून आली आहे. आता तू तिला काय सांगणार आहेस?’

अण्णा, हे तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी तर सांगितलं नव्हतं. पण तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी मान हलवली.

तो उठून आत गेला, लीलाची पत्र्याची पेटी उचलून आणली आणि माझ्या सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधायला लागला. मी बांधलेली गाठ त्याला पटली नाही. ती सोडून त्याने स्वतः दुसरी बांधली, आणि ओढून बघितली.

सरिता